चाळीसची गादी

तीन फूट म्हणजे एक मीटर, असं धरून मी शिरवण्याच्या एका गादीवालीला चोर ठरवलं.

असं धरायला कारण होतं. आमच्या घरी कापड वारात मागायचं आणि दुकानदाराने ते मीटरने मोजून द्यायचं, हेच मी लहानपणापासून पाहिलेलं. वार तीन फुटांचा, आणि मीटर हा त्याचा सरकारी भाऊ. मधल्या तीन-साडेतीन इंचांची आमच्याकडे कुणी कधी चौकशी केली नाही.

गादी आईसाठी होती. तिच्या कमरेला चांगला घट्ट फोम हवा, असं डॉक्टर म्हणाले होते. फोमच्या धंद्यात एक गंमत आहे. लांबी-रुंदी फुटांत, जाडी इंचांत, पण दर्जा मात्र मेट्रिकमध्ये. एक मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच ठोकळा जितके किलो भरेल, तो आकडा म्हणजे फोमची डेन्सिटी.

"दादा, चाळीसचा देते," गादीवाली बाई म्हणाली. "आईंना सांगा, बिनधास्त झोपा."

हे ती इतकं झटकन बोलली की मला तिथेच संशय आला. खरं बोलणारा माणूस जरा अडखळतो, असा माझा एक सिद्धांत आहे. त्यात गादी उलव्याला आमच्या घरी पोचवणारा टेम्पोवाला माझ्या नजरेला नजर देईना. तो लिफ्ट कुठे आहे ते बघत होता, पण संशयी माणसाला लिफ्ट दिसत नाही.

मी खोळ काढली, गादीला मिठी मारली आणि वजनकाट्यावर उभा राहिलो. गादीआडून मला काटा दिसेना, म्हणून बायकोला खाली वाकून आकडा वाचायला लावला. माझं वजन वजा करून गादीचे दहा किलो आणि वर थोडं उरलं.

"झालं समाधान?" तिने विचारलं.

समाधान कसलं! गादी सहा फूट बाय तीन फूट, जाडी अर्धा फूट. म्हणजे नऊ घनफूट. घनमीटरात किती घनफूट? तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. म्हणजे गादी घनमीटरच्या बरोबर तिसरा हिस्सा. दहा किलोची तिप्पट तीस! चाळीस सांगून बाईने तीसचा फोम माझ्या गळ्यात मारला होता. हिशेब इतका गुळगुळीत सुटला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. एरवी माझे हिशेब असे सुटत नाहीत, हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

मी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: "शिरवण्याच्या गादीच्या दुकानात चाळीस सांगून तीसचा फोम देतात. पुरावा आहे. सावध राहा." क्लबहाउसच्या बाकांच्या गाद्यांचं काम याच बाईला द्यायचं कमिटीत ठरलं होतं. सेक्रेटरींनी खाली लिहिलं, "काम थांबवतो." अंगठ्यांची रांग लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई सेक्रेटरींना घेऊनच दारात उभी.

"चोर कोन बोलला मला? तुमी?"

"मी चोर शब्द वापरला नाही," मी म्हणालो.

"मंग सावध कोनापासून र्‍हायचं? कुत्र्यापासून? दादा, त्या कामासाठी दोन कारागीर बोलावून ठेवलेत मी. आज त्यांना घरी बसवू?"

मी म्हणालो, वरून चांगला फोम लावून आत हलका घातला असेल. रात्रभर मी तोच विचार करत होतो.

"आत ना? कापा मंग. मधूनच कापा."

तिने स्वतःची सुरी पुढे केली. मी ती घेतली नाही. तिच्या सुरीवरही माझा विश्वास नव्हता. घरातली सुरी आणली. बायकोने पट्टी लावून खुणा केल्या: दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, दहा खोल. असे हजार ठोकळे म्हणजे एक घनमीटर. मी गादीच्या पोटातून ठोकळा कापला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला.

चाळीस ग्रॅम.

"काटा बिघडलाय," मी म्हणालो. बायकोने साखरेचं किलोचं बंद पाकीट त्यावर ठेवलं. काटा ठणठणीत होता.

मग बायकोने मेजरटेप ओढला. एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. तीन फुटांवर बोट ठेवून तिने मला वाचायला लावलं. एक्याण्णव.

"अहो, मीटरचे शंभर ना? वरचे नऊ कुठे गेले?"

ते नऊ मी लांबीतून खाल्ले होते, रुंदीतून खाल्ले होते, उंचीतूनही खाल्ले होते. घनमीटरात सत्तावीस नाही, पस्तीसच्याही वर घनफूट बसतात. तिघांसमोर मी पुन्हा गुणाकार केला आणि गादी चाळीसची निघाली.

सेक्रेटरी छताकडे बघत म्हणाले, "साहेब, ग्रुपवर टाका."

बाईच्या डोळ्यांदेखत टाकलं: "हिशेब माझा चुकला. फोम चाळीसचाच आहे." सेक्रेटरींनी खाली "काम चालू" लिहिलं. या वेळी अंगठे कमी आणि हसरी तोंडं जास्त आली.

बाईने गादीतल्या भोकात मूठ घालून पाहिली आणि ती आतून बाहेर आलेल्या आईकडे वळली.

"मावशी, हे मी आजच भरून देते, पैशे नको. पन फुडल्या वेळेला दुकानात तुमी या. याला घरी ठेवा."