भात काढल्यावरची राखण

भाटघरचा भिमा म्हंजी माझा लंगोटीयार. बावन्न वर्षांचा गडी. बोलायला लागला की एसटी चुकंल, पण ह्याच्या गप्पा आन बिडी संपायची न्हाई. असा माणूस गेल्या साली एकदम मुका झाला. डुकरं येत्यात म्हणून रोज रानातल्या माळ्यावर झोपायला जायचा. बरं, भात काढून महिना झाला तरी माळा सोडंना. डुकरांनी काय धसकटं खायची?

मंगलवहिनीला वाटलं, रानात दुसरीच कोन हाय. तिनं पिशवी भरली आन सारोळ्याला माहेरी निघाली. म्या म्हटलं, वहिनी, सांजपतूर दम धरा. तडक रानात गेलो आन त्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

भिमा रडायलाच लागला. वरीसभर शरीर साथ देईना, बायकोजवळ जायची लाज वाटायची, म्हणून डुकरांचं निमित्त. बाजारातल्या तंबूवाल्या वैदूकडनं ताकदीच्या पुड्या घेतल्या, त्यानं नुसतं पोट बिघडलं.

मला हसूबी आलं आन लई वाईटबी वाटलं. मग कुणालाच न सांगितलेलं त्याला सांगितलं.

"येड्या, माझंबी असंच झालं व्हतं. लाजंपायी गप बसलो, आन दोन वर्षांनी थेट छातीत कळ आली."

तवा भोरच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं व्हतं. तिथल्या रक्ताच्या नळ्या काळजाच्या नळ्यांपेक्षा बारीक, त्या आधी तुंबत्यात. दर येळी काळजाचंच कारण असतं असं न्हाई, पण तपासल्याबिगर राहू न्हाई.

भिमानं घरी जाऊन खरं सांगितलं. वहिनीनं कपाळावर हात मारला, पिशवी रिकामी केली आन दुसऱ्या दिवशी भोरच्या एसटीत आमच्या आधी जाऊन बसली.

साखर वाढलेली निघाली, काळजाची एक नळी अडलेली. पुण्यात त्या नळीत स्प्रिंग बसवली. ताकदीची गोळी मनानं घ्यायची न्हाई, काळजाच्या औषधासंगं जिवावर बेतंल, असं बाईंनी दोघांनाबी बजावलं. बिडी सुटली. रोज धरणापतूर चालणं, संगं वहिनी. हळूहळू गड्याचं तोंड पुन्हा सुरू झालं.

यंदा भात पिकलं आन खरंच डुकरांचा कळप उतरला. म्या सकाळीच त्याच्या दारात जाऊन म्हटलं, भिमा, आता मातर माळ्यावर जायला लागतंय.

भिमा खाली मान घालून हसला. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "कसला माळा, भावजी? त्याची लाकडं म्या कवाच बंबात घातली. डुकरांसाठी फटाके आणल्यात."