जयवंत सरांची कात्री

जयवंत सरांना फोटोच्या कडेला आलेलं फालतू काही खपत नसे. सिल्वासाच्या एका सरकारी शाळेत चित्रकला शिकवायला ते कोकणातून आले, इथेच रमले, आणि रविवारी सकाळी रस्त्यावरची माणसं टिपायचा नाद त्यांना लागला. बरोबर पत्नी केतकी असायचीच. पिशवी, पाण्याची बाटली आणि छत्री धरायला कुणीतरी हवंच ना!

"काढलेला फोटो महिनाभर मुरू द्यावा, लोणच्यासारखा. मग ताज्या नजरेनं उघडावा आणि ज्याचं काम नाही ते छाटून टाकावं," हे ते स्टाफरूममध्ये कुणी न विचारता सांगत. छाटून झालं की मूळ फोटो पुसून टाकत, "मोह नको," म्हणत. ही ताजी नजर म्हणजे सरांचीच जुनी नजर, फक्त चष्मा पुसून लावलेली, हे त्यांच्या तोंडावर बोलायला कोणी धजत नव्हतं.

यंदा गावात छायाचित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. प्रत्येकाचा एकच फोटो, तोही पसंत पडला तर. सरांचा सगळा जीव त्यात अडकला होता. त्यांनी भिमाबाईचा फोटो निवडून ठेवला होता. धुळ्याकडून आलेली, आमलीच्या रस्त्यावर भाजी विकणारी भिमाबाई मान मागे टाकून हसतेय, कॅमेऱ्याचं भानसुद्धा नाही.

"मी रस्त्यावर अदृश्य असतो," सर म्हणत. "म्हणून माणसं अशी मोकळी सापडतात."

पाठवण्याआधी आणखी एक नजर फिरावी म्हणून त्यांनी केतकीला हाक मारली. तिला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणजे तिची नजर ताजीच, असा त्यांचा हिशोब.

फोटो बघताच केतकी फिस्सकन हसली. "अहो, ही माझ्याशी बोलतेय! मी दुधी निवडत होते, तर मला म्हणाली, 'तुना माणूस नुसता फोटूच काढस, का भाजी बी लेस?'"

सरांनी घाईघाईनं दुसरा फोटो उघडला. हसरा चहावाला.

"याची मुलगी पास झाली ना, तेच सांगत होता."

मग राखोलीच्या कारखान्यातून सुटलेले कामगार, सगळे दात दाखवत.

"हे मला विचारत होते, साहेब पेपरवाले आहेत का?"

एकामागून एक सगळे फोटो झाले. सगळी माणसं चौकटीच्या डावीकडे बघत होती, जिथे केतकी उभी असायची. अदृश्य व्हायला सरांना काही कष्टच पडले नव्हते. अख्खा रस्ता तिच्याशी गप्पा मारत होता.

"मग यात मी कुठे आहे?" केतकीनं सहज विचारलं.

सरांनी कॉम्प्युटर पालथा घातला. एका फोटोत तिच्या कोपराचा तुकडा उरला होता, आणि तोही काढायचा म्हणून त्यांनी खूण करून ठेवली होती.

तरी गडी हटला नाही. पुढच्या रविवारी मुद्दाम एकटाच निघाला. नजर शेवटी माझीच आहे, असं स्वतःला बजावत आमलीत पोचला. कॅमेरा उचलताच भिमाबाईनं पदर सारखा केला आणि आधार कार्डाच्या फोटोला बसावं तशी ताठ झाली. "ताई कोठे शे?" तिनं विचारलं. चहावाल्यानं तर लेन्ससमोर हातच धरला. "फोटो किसलिए, साब?"

सर रिकाम्या हातानं परतले. लाजेनं त्यांना मान वर करवत नव्हती.

"केतकी, दर वेळी मी तुलाच कापत आलो," ते म्हणाले. "खरं सांगतो, तू मला दिसलीच नाहीस."

"दिसले की," केतकी शांतपणे म्हणाली. "दिसल्याशिवाय इतकं नेमकं कापता येतं का?"

सरांनी कॅमेरा उचलला आणि तिला गॅलरीत, अगदी मधोमध उभं केलं. ते लेन्स लावेपर्यंत केतकी सवयीनं डावीकडे सरकली होती.