मास्तरांचं शेवटचं कटिंग

मास्तर कापड कापायचे, त्यांची बाई शिवायची. संसार तसा आणि दुकानही तसंच. मास्तर अचानक गेले तेव्हा टेबलावर एका गिऱ्हाइकाची पँट कापून पडलेली होती, खडूच्या रेघांसकट. बाईने शटर ओढलं ते ओढलंच. ती पँट शिवली की मास्तरांच्या हातचं काही उरणार नव्हतं, आणि ती शिवल्याशिवाय दुसऱ्या कापडाला हात लावायला तिचं मन धजत नव्हतं.

सांत्वनाला येणाऱ्यांनी तर तिचं डोकं उठवलं होतं. ज्यांच्या घरात कधी मांजरही मेलं नाही, ते खुर्चीत पाय पसरून धीर धरायला सांगायचे. एकाला तिने अर्ध्या चहावरूनच वाटेला लावलं.

शेवटी नणंदेने तिला दर आठवड्याला भरणाऱ्या एका मंडळात ढकललं. बाई भांडायच्या तयारीनेच गेली. शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बुटके बाक, आणि त्यांवर आपलं माणूस गमावलेली मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. त्यात बायको गेलेला एक बसड्रायव्हर होता. बटण लावताना या गड्याने शर्टाच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींना शिवून टाकल्या होत्या, म्हणून शर्ट डोक्यातून घालून आला होता. बाईला फस्सकन हसू फुटलं आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हसा की ताई," ड्रायव्हर म्हणाला. "ती असती तर लोळली असती."

या मंडळात उपदेशाला बंदी. रीत एकच. आपल्याच्याने जे काम होत नाही ते सांगायचं. मग सगळे तिथे जातात आणि ते होईपर्यंत नुसते बसतात. हात कोणी लावायचा नाही. ड्रायव्हरने घरात पहिल्यांदा गॅस पेटवला तेव्हा असेच बसले. मंडळात दवाखान्यातली एक सिस्टर होती, तिने आपल्या गेलेल्या मुलाचं कपाट आवरलं, तेव्हाही.

बाईने पँटचं सांगितलं. पुढच्या आठवड्यात सगळे दुकानात. ड्रायव्हर पायरीवर, सिस्टर कापडाच्या गठ्ठ्यावर, बाकीचे जमिनीवर. मशीन चाललं, थांबलं, पुन्हा चाललं. अंधार पडायच्या आत शिवण झाली. इस्त्री तापली आणि तिथे गाडी अडली, कारण वाफ लागली की खडू उडतो. गुडघ्याच्या खुणेपाशी मास्तरांनी सवयीने खडूची एक वळणदार आकडी काढलेली, शिलाईला शून्य उपयोगाची. त्या आकडीवरून बाईने जन्मभर कटकट केली होती. हात हवेतच राहिला.

कोणी समजूत घातली नाही. सिस्टर उठली, हात पाठीमागे धरून कापडावर वाकली आणि ती आकडी नीट बघून बाजूला झाली. मग ड्रायव्हर. मग एकेक करत सगळे, पाळण्यातलं बाळ बघायला यावं तसे. मास्तरांना यांतल्या एकानेही कधी पाहिलं नव्हतं.

"आम्ही बघितली, ताई," सिस्टर म्हणाली.

बाई बघतच राहिली. एवढी मोडलेली माणसं, आणि एका परक्याची खडूची रेघ डोळ्यांत घेऊन घरी जायला तयार. तिचा गोतावळा काही लहान नव्हता, पण एवढं मोठं देणं तिच्या दारात आजवर कोणी आणलं नव्हतं.

तिने इस्त्री टेकवली. वाफ उठली. कोणीही नजर हलवली नाही.