शेजारच्या आजोबांच्या पिस्तुलाची कमान

मिल्टन कीन्सच्या आमच्या घरात खंडेनवमीला शस्त्रं म्हणून माझा लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि बायकोचा स्टेथोस्कोप पाटावर मांडला जायचा. लॅपटॉपला कुंकू लावताना मला कधी वीरश्री वगैरे वाटली नाही. म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या इंग्रज गृहस्थांनी पूजेची हकिगत ऐकून त्यांचं जुनं, खिशात मावणारं पिस्तूल देऊ केलं, तेव्हा मी एकदाही नको-नको म्हटलं नाही. त्यांना आम्ही घरात आजोबाच म्हणायचो.

पिस्तूल तळहाताएवढं, त्यांच्या पणजोबांच्या वेळचं. कायद्याच्या लेखी नुसती शोभेची वस्तू. पण त्याची एक गंमत होती. त्याला चाप दिसायचाच नाही. वरचा घोडा मागे ओढला की पोटातून चाप टक्कन खाली यायचा. आजोबा ही गंमत घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे, मीटर वाचायला आलेल्या माणसालासुद्धा. देताना एवढंच म्हणाले, की पुढच्या रविवारी बहीण स्कॉटलंडहून येतेय. लहानपणी वडील दोघांना हेच करून दाखवायचे, त्यामुळे ती आल्याआल्या पिस्तूल मागते. त्याआधी परत दे.

मी साग्रसंगीत पूजा केली. हळद, कुंकू, फूल आणि वर पळीभर पाणी.

"लोखंड आहे ते. पाणी कशाला ओततोयस?" बायको म्हणाली.

"शास्त्र आहे," मी ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी घोडा ओढला तर चाप आलाच नाही. आत कुंकवाचा चिखल झाला होता. मी सेफ्टी पिन घेऊन टोकरायला लागलो. काहीतरी कट्कन मोडलं, काळ्या, चपट्या तारेचा एक तुकडा, म्हणजे बहुधा आतली कमान, स्प्रिंग, माझ्या मांडीवर पडला आणि चाप बाहेर येऊन लुळा लोंबायला लागला.

"जाऊन सांगून टाक त्यांना," बायको म्हणाली.

"आधी पार्ट मिळू दे, मग सांगतो."

"म्हणजे सांगणारच नाहीस."

तिथून माझी झोप उडाली. इंटरनेटवरचे जाणकार एकच विचारत, बनवणारा कोण? नाव झिजून गेलेलं, खाली कसंबसं 'नॉटिंगहॅम' वाचता येत होतं. दुकानांना फोन करायला मी ऑफिसच्या फायर एक्झिटच्या जिन्यात जायचो. पुण्याच्या इंग्रजीत कुजबुजत "मला पिस्तुलाची कमान हवी आहे" म्हटलं की पलीकडे शांतता पसरायची. जेवताना माझा पाय टेबलाखाली हलत राहायचा. आजोबा बागेत दिसले की मी मागच्या दाराने बाहेर पडायचो. मग एका दुकानाने पोस्टाने फोटो मागवला, म्हणून तो ऑफिसात प्रिंट केला आणि प्रिंटरवरच विसरलो. आमच्या मॅनेजरने तो कागद दोन बोटांत धरून माझ्या टेबलापर्यंत आणला आणि फार सौम्य आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी सांगितलं, देवाचं काम आहे. ते ऐकून त्याचा चेहरा आणखीच काळजीचा झाला.

शेवटी नॉटिंगहॅममध्येच जुन्या शस्त्रांचं दुकान चालवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, घेऊन या, बघू. मी शुक्रवारची सुट्टी टाकली. पिस्तूल पोळ्यांच्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि वर चकल्या रचल्या. माझा रंग, माझी दाढी आणि डब्यातलं पिस्तूल, या तिन्हींचा एकत्र विचार करायचा नाही असं ठरवून मी निघालो. एका राउंडअबाउटवर पोलिसांची गाडी मागे लागली. ती वळून निघून गेली तरी मी पुढचे सगळे इंडिकेटर ड्रायव्हिंग टेस्ट असल्यासारखे देत राहिलो.

बाईंनी चकल्या बाजूला केल्या, एक तोंडात टाकली. तिकडे सगळ्यांना प्रेमाने बदक म्हणतात, तशा त्या मलाही "डक, डक" करत होत्या. या पिस्तुलांचा एकेक भाग हाताने घासून बसवलेला असतो, त्यामुळे एकाचा दुसऱ्याला लागत नाही, असं त्यांनी समजावलं. मग आत अडकलेला दुसरा तुकडा चिमट्याने ओढला, माझ्या तुकड्याशी जोडून पाहिला आणि हसायला लागल्या.

"डक, ही कमान नाहीये. केसातली पिन आहे."

म्हणजे गेला आठवडाभर मी अख्ख्या इंग्लंडात केसाच्या पिनेचा स्पेअर पार्ट शोधत होतो. बाईंनी जुन्या कमानींनी भरलेली एक बरणी ओतली, तीन-चार लावून पाहिल्या, एक कानशीने घासली, आणि चाप टक्कन खाली आला. "हे तुकडे हवेत?" त्यांनी विचारलं. पुरावा परत कोण नेतो? मी म्हटलं, टाकून द्या.

शनिवारी सकाळी मी छाती काढून पिस्तूल परत केलं. आजोबांनी घोडा ओढला. टक्. पुन्हा ओढला.

"आवाज वेगळा येतोय," ते म्हणाले.

मग मला प्रिंटर-पोलिसांसकट सगळं सांगावंच लागलं. ऑफिसात सांगतो तसं सांगितलं: काय बिघडलं, कशामुळे, आणि आता कसं पहिल्यापेक्षा चांगलं चालतंय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि पिन कुठे आहे?"

"दुकानातच. टाकून द्या म्हटलं," मी म्हणालो.

"लग्न झालं त्या वर्षी हे बिघडलं होतं," ते म्हणाले. "बायकोने केसातली पिन काढून बसवून दिली. बहिणीला चाप बघायचा नसतो रे. पिन अजून टिकलीय का, ते बघायचं असतं."

त्यांची बायको मी कधी पाहिली नव्हती. आम्ही राहायला येण्याआधीच ती गेली होती. आजोबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, काही हरकत नाही, चहा घेणार का?

घरी आलो तर भिंतीपलीकडून सगळं ऐकून बायको दारातच गाडीची किल्ली घेऊन उभी. या वेळी इंडिकेटर दिले की नाही, आठवत नाही. शनिवारचं अर्ध्या दिवसाचं दुकान बंद होता होता नॉटिंगहॅमला पोचलो. बाई म्हणाल्या, "मी काही टाकत नाही, डक. बरणीत असेल." ती बरणी मी काउंटरवर वर्तमानपत्र पसरून उपडी केली. सगळंच काळं, सगळंच वाकडं. त्यात केसाच्या पिनांचे तुकडेही बरेच निघाले. ही युक्ती एकट्या आजींना सुचली नव्हती. मी एकेक तुकडा उजेडात धरत गेलो. एकाच्या बाकात लाल काहीतरी बसलं होतं. दुसऱ्याच्याही टोकाला लाल. कुंकू.

ते दोन तुकडे आजोबांनी बराच वेळ तळहातावर धरले. मी रुमाल काढून पुसायला गेलो तर त्यांनी मूठ मिटली.

रविवारी दुपारी दोन घरांच्या मधल्या भिंतीतून टक् ऐकू आलं. मग भिंतीवर कुणीतरी ठोकलं. मी गेलो. बहीणबाई पिनेचे तुकडे बशीत घेऊन बसल्या होत्या. आजोबांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हाच तो. सांग हिला. प्रिंटरपासून सांग."

तेव्हापासून त्यांच्याकडे कुणी आलं की आधी चाप दाखवतात, मग पिन. मग भिंत ठोकून मला बोलावतात.