साऱ्या कुळाचं सुतक

लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाची वाटी पुढे आली की वृत्तांतकाका शेजारच्याला विचारायचे, "तुझे पणजोबा कोणत्या तिथीला गेले रे?" शेजारच्याचा घास घशात अडकायचा. काकांना त्याचं काही नसे. ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, रेल्वेच्या कचेरीत कारकून. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहायचा त्यांनी ध्यास घेतला आणि घरातल्या पोरांनी त्यांना हे नाव चिकटवलं.

गुजरात राज्य झालं तशी आमच्या कुळातली निम्मी घरं पुण्या-मुंबईकडे उठून गेली. मागे राहिलेल्यांना बडोदं एकदम मोठं वाटायला लागलं. काकांनी तेव्हाच पत्रं लिहायला घेतली. "माणसं जातात, जाऊ देत. पत्ते तरी राहिले पाहिजेत," असं म्हणायचे. उत्तरांनी कपाट भरलं, तेव्हा ते खंडेराव मार्केटातल्या कांदेवाल्याकडून रिकामे कोथळे, म्हणजे गोणपाटाची पोती, मागून आणू लागले. आमच्या पूर्वजांना आजही कांद्याचा वास येतो तो त्यामुळे.

आपल्याकडे कुणी गेल्याचं कार्ड आलं की वाचून लगेच फाडतात, घरात ठेवत नाहीत. काकांची अडचण तिथेच होती, कारण तिथी नेमकी त्या कार्डात असते. मग त्यांनी साऱ्या कुळाला कळवलं, "फाडू नका, मला पाठवा." लोकांची मोठीच सोय झाली. फाडताना हात कचरतो, पाकिटात घालून बडोद्याला धाडताना कचरत नाही. काकूंनी ती कार्डं काही घरात येऊ दिली नाहीत. त्यांचा कोथळा गॅलरीतच. "साऱ्या कुळाचं सुतक माझ्या दारात!" असं म्हणायच्या आणि गॅलरी झाडली की आंघोळ करायच्या.

वृत्तांत छापून झाला. आता पस्तीवाल्याला बोलवून ही रद्दी देऊन टाका, असं सगळे म्हणाले. काका म्हणाले, "उद्या कुणी खरं-खोटं विचारलं तर काय दाखवू? पुराव्याशिवाय पूर्वज म्हणजे नुसत्या गप्पा." हे कागद ठेवून घ्याल का, असं एका ग्रंथालयात विचारून पाहिलं. तिथले गृहस्थ भले होते. "दरबारी कागद असतील तर बघू," म्हणाले. आमच्या कुळात दरबारातल्या कारकुनापलीकडे कुणाची मजल गेली नव्हती.

काकांच्या मुलाला वाघोडियाला नोकरी लागली, त्याने तिकडेच घर घेतलं. "बाबा, तुम्ही दोघं या, कोथळे नकोत. घरात लहान मूल आहे," असं त्याने स्पष्टच सांगितलं. काका कोथळे सोडून जाईनात, काकू काकांना सोडून जाईनात. घर दुसऱ्या मजल्यावर आणि दोघांचेही गुडघे गेलेले. महिनोन्महिने दोघं खाली उतरत नसत. मी फतेगंजच्या शाळेत शिकवायची; शाळा सुटली की भाजी पोचवायला जायची, आणि वर पाय ठेवला की माझाच श्वास कोंडायचा. काका रोज सकाळी फाडायची पत्रं निवडायला बसत आणि संध्याकाळी तीच पत्रं पुन्हा बांधून ठेवत.

एका रविवारी मला म्हणाले, "तू फाड. मी बघत नाही." आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी गेल्याच्या कार्डांपासून सुरुवात केली. टर्रकन आवाज झाला की ते पाठमोरेच विचारत, "कोण?" मी नाव वाचून दाखवलं की ते लगेच म्हणाले, "बेळगावची यमूआत्या. माघ वद्य पंचमी. शेवटपर्यंत दात शाबूत होते तिचे." दुसरं फाडलं. "कोण?" पुन्हा तिथी, पुन्हा असंच काहीतरी. पुढचं कार्ड मी न फाडताच परत कोथळ्यात टाकलं.

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "हवे बस, आता पुरे झालं! सगळं पाठ आहे ना तुम्हाला? मग कागद कशाला हवेत?"

"मी गेल्यावर कुणाला पाठ असणार?" असं म्हणून काका वळले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विहिरीत पडलेला माणूस काठावरच्याकडे पाहतो, तसं. कुणी काही विचारलं नसताना मी म्हणून गेले, "माझ्याकडे राहू देत."

पुढच्याच आठवड्यात दोघं वाघोडियाला गेली. जिना उतरताना काकांनी एकदाही मागे पाहिलं नाही. आपल्या गळ्यातलं लोढणं त्यांनी माझ्या गळ्यात अडकवलं होतं. नातवाला खेळवता खेळवता ते तिकडेच वारले. शेवटी फार आनंदात होते म्हणे.

आता कोथळे माझ्या गॅलरीत आहेत. आमच्या ह्यांना तिथे खुर्ची टाकता येत नाही. पितृपक्ष आला की कुठूनतरी फोन येतो, कुणालातरी आजोबांची तिथी हवी असते. एरवी वर्षभर कुणाला काही नको असतं. पुण्याला बहिणीजवळ जाऊन राहावं असं कितीदा मनात येतं, पण कोथळे डोळ्यांपुढे आले की तो विचार तिथेच संपतो. अशा वेळी काकांचा मला भयंकर राग येतो. आणि एखादं पत्र उघडून बसले की ते शेजारीच बसलेत असं वाटतं, मग त्यांच्यावाचून करमत नाही.

परवा माझी मुलगी गॅलरीच्या दारात उभी राहून म्हणाली, "मम्मी, आ बधुं, हे सगळं, तुझ्यानंतर कोण सांभाळणार?"

मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर "माझ्याकडे राहू देत" असं तीही म्हणून गेली असती.