भागामावशीच्या परसातली पोरं

पनवेलला आमच्या आळीत नवा भाडेकरू राहायला आला, की पहिल्याच सकाळी तो घाबराघुबरा होऊन आमच्या दारात यायचा. पलीकडच्या परसातून एका बाईचा खणखणीत आवाज त्याच्या कानावर पडलेला असायचा. "वसंता, मेल्या, पुन्ना पानं गाळलीस? आन तू गं शेवंते, वाकून काय बगतीस, मान ताठ ठेव! दगडू, तुला कीड लागली तर तुज्या आईला काय सांगू मी?" भाडेकरू हळूच विचारायचा, "या बाई एवढ्या पोरांना रोज सकाळी मारतात का हो?" मी चेहरा शक्य तितका गंभीर करून सांगायचो, "छे छे. पाणी घालतात."

ती भागामावशी. आमच्या भागातली सुईण. बाळंतपणाचे पैसे ती घेत नसे. लुगडं-चोळी आणि नारळ घ्यायची, पण खरी बिदागी म्हणजे एक रोप. बारशाच्या दिवशी बाळाच्या बापाने ते स्वतः आणायचं, तिच्या परसात लावायचं आणि त्याला बाळाचंच नाव ठेवायचं. तिला स्वतःला मूल नव्हतं. नवरा मिठागरावर कामाला होता, तो लवकर गेला. "देवानं मना दिली नाय, मग मी लोकांकडून मागून घेतली," असं ती म्हणायची, आणि म्हणताना हसायची. शेवग्याचं झाड म्हणजे वसंता. खरा वसंता तोपर्यंत बैलगाडी हाकणारा मिशीवाला बाप्या झाला होता. रस्त्याने जाताना तो ओरडायचा, "मावशे, मी हितं हाय! त्या गरिबाला कशाला शिव्या?" मावशी आतून उत्तर द्यायची, "तू ऐकत नाय, म्हणून त्याला सांगतंय!"

आमची नलू जन्मली ती आठव्या महिन्यात. तिच्याआधीची दोन बाळं आमच्या हाती लागली नव्हती. नलू काळीनिळी पडली, रडेचना. भागामावशीने तिच्या तोंडात फुंकर घातली, पाय धरून उलटी केली, पाठ चोळली, तिला देखील शिव्या दिल्या. शेवटी ती रडली तेव्हा माझी बायको सिंधू आणि मी तिच्याहून मोठ्याने रडलो.

आता अशा मुलीचं रोप साधंसुधं कसं चालेल? लोक अबोली आणायचे, मोगरा आणायचे. मी मिठाच्या कचेरीतला कारकून, चार गावचं पाणी प्यालेला. कामाला उरणला गेलो तसाच मोरा बंदरातून लाँच पकडून मुंबईला गेलो. तिथे एका बंगल्याच्या कुंपणावर मी ती वेल पूर्वी पाहिली होती. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची पानं आणि वर गुलाबी फुलांचे नुसते लोंगर. माळ्याला एक फुटवा मागितला, तर त्याने चार कंद माझ्या पिशवीत कोंबले. "ले जाओ साब, और चाहिए तो और ले जाओ!" मला तेव्हाच शंका यायला हवी होती. जो माळी एक गुलाब तोडू देत नाही, तो इतक्या आनंदाने काही देतो, तेव्हा माणसाने पिशवी टाकून पळ काढावा. मी त्याला आठ आणे बक्षीस दिलं.

वेलीचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशीपुरतं ते ठरलेलं होतं. नलू.

पहिल्या वर्षी मी आळीतून राजासारखा हिंडलो. मावशीचं कुंपण गुलाबी झालं होतं, मधमाश्यांचा गुंजारव आमच्या घरात ऐकू येत होता, लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायचे. दुसऱ्या वर्षी वेल कुंपण सोडून आत वळली. शेवंताची अबोली तिच्याखाली कधी गेली ते कळलंच नाही. तिसऱ्या वर्षी वेलीने वसंताला मिठी मारली. शेवग्याचं लाकूड मुळातच ठिसूळ, एका वादळी दुपारी त्याची मोठी फांदी वेलीच्या भाराने कडाडकन मोडली. त्याच आठवड्यात वसंता गाडीवरून पडला आणि त्याचा हात मोडला.

झालं! आळीतल्या बाया आमच्या दारात. एक म्हणाली, "वहिनी, तुमच्या नलीला आवरा. माझ्या पोराच्या गळ्याशी आलीय." नली त्या वेळी पायरीवर बसून चुरमुरे खात होती.

मी मावशीकडे गेलो. म्हटलं, "थोडी छाटून टाक गं. पोरांची नखं कापतोच की आपण."

"नखं कुटं आन मान कुटं, एवडं कळतंय मना," ती म्हणाली. तरी माझ्या आग्रहाने तिने चार फांद्या छाटल्या. चौथ्या दिवशी नलूला गोवर आला.

"अगं, अर्ध्या आळीला गोवर आलाय," मी सिंधूला समजावलं.

"अर्ध्या आळीची वेल कुणी छाटली नव्हती," सिंधू म्हणाली.

नलूला मांडीवर घेऊन ती भिंतीला टेकून बसली होती. दोन बाळं गमावलेल्या बाईपुढे शहाणपण पाजळायची माझी हिंमत नव्हती. तिने मावशीला बोलावून सांगितलं, "आता त्या वेलीला कोयता लावायचा असेल तर आधी माझ्या मानेला लावा."

नलू बरी झाली. वेल तर फारच बरी झाली.

तेव्हापासून भागामावशी हातांनी वेल सोडवू लागली. एकेक तणावा बोटांनी उलगडायचा, तुटू न देता बाजूला घ्यायचा आणि बांबूवर चढवायचा. सकाळी डाळिंबावरून काढलेली वेल परवापर्यंत लिंबावर. "नले, सोड त्याला. सोड गं बाय. तुजाच भाऊ हाय तो." शिव्या बंद झाल्या होत्या. ती आता विनवणी करायची, आणि ती ऐकवत नसे. एकदा आपटा गावी एक अडलेली बाई सोडवायला ती गेली आणि तीन दिवस तिकडेच अडकली. परत आली तेव्हा दगडूचं डाळिंब पानांखाली बुडालं होतं. दगडू कोळ्यांचा, तीन वर्षांचा, त्या वेळी तापाने फणफणलेला. त्याची आई परसाच्या दारात उभी राहून नुसती त्या पानांकडे बघत होती.

मावशी तशीच आमच्याकडे आली, पायाची धूळ न धुता. सिंधूपुढे बसली.

"सिंदू, हिची नाळ मीच कापली का नाय?"

"कापलीत."

"तवा मेली का ही? कापली म्हणून जगली ना? मग आता एक डाव कापू दे मना."

सिंधूने नलूला जवळ ओढलं. म्हणाली, "मावशी, मला नाही हो धीर होत."

मला वाटलं, मावशी आता आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. मी त्यासाठी मान खाली घालून तयारही होतो. ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली. "आईचा शब्द हाय. त्याच्यावर माजा शब्द नाय," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती कुदळ घेऊन परसात उतरली. मला वाटलं, वेलीचे कंद खणतेय. ती डाळिंब खणत होती. मुळांची माती जपून, फडक्यात बांधून तिने ते दगडूच्या आईच्या हातात दिलं. मग लिंबू, मोगरा, अनंत. जमीन ओली होती, तोवर उरकायचं होतं. वसंताला तिने शेवग्याची एक फांदी कापून दिली. फणस हलणार नव्हता, म्हणून त्याच्या पोराला आठळी दिली. आळीभर बाया दारात उभ्या होत्या आणि ती एकेकीच्या ओटीत गाठोडं टाकत होती. "घेऊन जावा आपापली पोरं. माज्याच्यानं आता राखवत नाय."

मी कधी कुणाच्या घरातून इतकी मुलं एकदम जाताना पाहिली नाहीत. संध्याकाळपर्यंत परसात नुसते खड्डे उरले आणि एक आमची नलू, फुलांनी लगडलेली. दगडूचा ताप उतरला होता. त्याचं श्रेय कुणी डाळिंबाला दिलं, कुणी डॉक्टरच्या गोळ्यांना. मावशीने कुणालाच दिलं नाही. त्यानंतर ती बाळंतपणं करायची, पण रोप घेत नसे. बाप रोप घेऊन आलाच तर म्हणायची, "जागा नाय रे बाबा."

खरोखरच नव्हती. वेल घरावर चढली. कौलं सरकली, ठिकठिकाणी गळू लागलं. मी सिंधूकडे दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा ताटावरून उठलो. मावशी मात्र नलूला, म्हणजे खऱ्या नलूला, कडेवर घेऊन खोबऱ्याचा तुकडा द्यायची. तिच्या केसांतून बोटं फिरवताना ती तसाच एकेक गुंता सोडवायची.

नलू अकरा वर्षांची असताना भाद्रपदात मावशीने अंथरूण धरलं. बाया पाळीपाळीने बसत होत्या, सिंधू सर्वांत जास्त. पंधरा दिवस वेलीकडे कुणी पाहिलं नाही. ओटीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत गुलाबी पडदा विणला गेला. खाली वाकून आत-बाहेर करण्यापुरतं भोक उरलं. मावशी गेली ती त्या पडद्याआड.

अंगणात गर्दी मावत नव्हती. तिच्या हातावर जन्मलेली माणसं, कुणी धोतरातली, कुणी शाळेच्या खाकी चड्डीतली. तिरडी उचलली आणि ओटीवरच अडली. तिला वाकवून नेणार कसं? दोघातिघांनी वेल बाजूला करायचा प्रयत्न केला. पण ती वेल सोडवणारे हात एकच होते, आणि ते तिरडीवर होते. वसंताने कोयता आणला. आणून माझ्या हातात दिला. मी त्याच्याकडे पाहिलं, तो जमिनीकडे पाहू लागला. एरवी दहा माणसांपुढे नाटकं करणारा मी, माझ्याने हात वर उचलवेना.

सिंधूने माझ्या हातातून कोयता काढून घेतला. पदर खोचला. पहिला घाव घालताना तिने डोळे घट्ट मिटले होते. फुलांचा एक लोंगर तिच्या खांद्यावर पडला. तिने डोळे उघडले आणि वळून आधी नलूकडे पाहिलं.

नलू खांबाला धरून उभी होती. तिने दुसऱ्या बाजूची वेल हाताने ताणून धरली आणि म्हणाली, "आई, ही पण."