यादीतलं पहिलं नाव

पायाला भिंगरी असलेली माणसं फिरतीच्या नोकरीत शोभतात. ही बाई मात्र बत्तीस वर्षं एका खुर्चीला बांधलेली, आणि तरी प्रयोगशाळेत सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. आली होती टायपिंगला. पुढे कॉम्प्युटर आले, त्यात जंतूंच्या जनुकांची अक्षरं भरायचं काम कुणालाच नको होतं, ते हिच्या गळ्यात पडलं. हिने ते असं शिकून घेतलं, की पदव्यांची भेंडोळी मिरवणारेही घोडं अडलं की हिच्या टेबलाशी येऊन उभे राहू लागले.

काम सांगायला सोपं. प्रत्येक जंतूची अक्षरं एकाखाली एक लावायची. कुठे किती फरक पडलाय ते सॉफ्टवेअर बघतं आणि वंशवृक्ष काढून देतं. कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, कोण लांबचा. तेवढा वेळ भिंगरीला खुर्ची टोचायची. ती उठायची, खिडकी उघडायची, लावायची, परत येऊन पडद्याकडे बघायची. पेनाचं एक टोपण म्हणून तिने चावून धड ठेवलं नव्हतं.

गुरुवारी नवजात बाळांच्या वॉर्डातल्या जंतूंची अक्षरं आली. सहा बाळं एकाच जंतूने आजारी पडली होती. बाळं आता सावरली होती, पण खापर फोडायला डोकं हवं होतं आणि ते सापडलंही होतं. वॉर्डातल्या एक मावशी. बाळांना पुसणाऱ्या, त्यांची दुपटी बदलणाऱ्या. त्यांच्या हातांवर तोच जंतू निघाला होता. वॉर्डाच्या डॉक्टरीणबाईंना घाई होती, म्हणून भिंगरीने त्याच दिवशी झाड काढून पाठवलं. झाडाच्या बुडाशी एकट्या मावशी, आणि सहाही बाळं पुढे फुटलेली. शुक्रवारी अकराला बैठक. मावशींना कामावरून काढायचं यावर सह्या होणं तेवढं राहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी भिंगरीचा नवरा जेवायला बोलवायच्या पाहुण्यांची यादी करत बसला होता.

“पहिलं नाव कुणाचं घालू? तुझ्या भावाचं घातलं, तर माझी बहीण फुगून बसेल.”

“पहिल्या नावाने काय होतंय?” ती म्हणाली, आणि कप तोंडाशीच थांबला.

होतं ना. मूळ कुणाला धरायचं हे आपण सांगितलं नाही, तर तिचं हे सॉफ्टवेअर यादीतल्या पहिल्या नावाला बुडाशी बसवून चित्र काढतं. नवशिक्यांना हे तीच बजावून सांगायची. आणि डॉक्टरीणबाईंच्या यादीत पहिल्या मावशी होत्या, कारण संशय त्यांच्यावर होता. यादी तिने जशीच्या तशी आत ढकलली होती.

चहा तसाच टाकून ती निघाली. आठला प्रयोगशाळेत पोचली. मूळ ठरवायला या जंतूंचा एक लांबचा नातेवाईक हवा होता; झाड त्याला जिथे जोडलं जाईल ते बूड. दुसऱ्या इस्पितळातला एक जुना जंतू तिच्या साठ्यात सापडला. वॉर्डातल्या बेसिनच्या जाळीवरच्या चार जंतूंची अक्षरं काल उशिरा आली होती, तीही तिने घेतली. आता झाड हजार वेळा ताडून बघायचं, म्हणजे तीन तास.

आकडा गोगलगाईसारखा सरकत होता. तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

“बैठक थांबवा. कालच्या चित्रात माझी चूक आहे.”

“म्हणजे मावशी निर्दोष आहेत?”

“अजून माहीत नाही. कदाचित तसंच निघेल.”

“मग कशाच्या जोरावर थांबवू हो?” आणि फोन ठेवला गेला.

दोनशे. खिडकी उघडली. चारशे. लावली. मावशींना तिने कधी पाहिलंही नव्हतं, तरी त्यांचा हात धरून दारातून बाहेर काढणारी आपणच, असं तिला वाटत राहिलं आणि स्वतःची भयंकर लाज वाटली. अकराला पाच कमी असताना हजार झाले. कागद छापून ती जवळजवळ पळतच निघाली.

बैठकीच्या खोलीत पोचली तेव्हा सह्यांचा कागद टेबलावर होता आणि भिंतीशी मावशी उभ्या होत्या, पिशवी पोटाशी धरून.

“कालचं झाड मी चुकीचं काढलं,” भिंगरी दारातूनच म्हणाली. “हे बघा. बुडाशी बेसिनची जाळी आहे. तिच्यातून बाळं वेगवेगळी फुटलीत. मावशी पार शेंड्याला आहेत, सहाव्या बाळाशेजारी.”

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला, मग सह्यांचा कागद उलटा करून ठेवला. “बेसिन आजच बंद करायला सांगते. मावशी, तुम्ही कामावर जा.”

मावशी दाराकडे वळल्या नाहीत. भिंगरीच्या कागदाशी येऊन त्यांनी ती दोन नावं बोटाने शोधली.

“ह्या सहाव्याला माझ्याकडून लागलं, की मला त्याच्याकडून?”

भिंगरीने पेनाचं टोपण चाचपलं. “ते झाडाला सांगता येत नाही.”

“बेसिनमध्ये होतं म्हणता?”

“हो.”

“मी प्रत्येक बाळाला हात लावायच्या आधी तिथे हात धुवायचे,” मावशी म्हणाल्या. “बाकीच्या कंटाळा करायच्या. मी नाही केला कधी.”